गुंडोपंतांची सायकल-स्पा सहल

एका जंगलात खवले मांजरांचं एक जोडपं राहत होतं.

बालमित्रांनो, खवले मांजर म्हणजे मांजर नव्हे. ते म्याँव करत नाही, दूध पीत नाही, आणि चुकून मांडीवर घेतलंत तर तुमची मांडी सोलून निघेल. त्याच्या अंगावर नाकापासून शेपटीपर्यंत जाडजूड खवले असतात. ते मुंग्या खातं. आणि भीती वाटली की अंगाचा गोळा करून बसतं. हे शेवटचं वाक्य नीट ऐकलंत ना? मागच्या रांगेत कोण हसतंय? हसण्यासारखं अजून काही झालेलं नाही.

तर नवऱ्याचं नाव गुंडोपंत आणि बायकोचं नाव बकुळाबाई.

गुंडोपंत स्वभावानं अगदी गरीब. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. वाघ दिसला की ते गोळा व्हायचे. ढग गडगडला की गोळा व्हायचे. इथवर ठीक आहे, तुम्हीही झाला असता. पण बकुळाबाई नुसतं "अहो, ऐका ना, मला जरा बोलायचं होतं," असं म्हणाल्या, तरीही गुंडोपंत गोळा व्हायचे. नाक पोटात, पोट शेपटीत, आणि शेपटीचं टोक मानेवर घट्ट खोचलेलं! त्यात त्यांचे खवले उभे राहायचे आणि जमिनीत रुतायचे. हत्तीनं रेटा दिला तरी गोळा जागचा हलत नसे. तिथं बकुळाबाईंचं काय चालणार?

"आमच्या घराण्यातच आहे ते," असं गुंडोपंत उलगडल्यावर सांगत. आणि ते खोटं नव्हतं. त्यांचे वडील तर लग्नात अंतरपाट दूर होताक्षणीच गोळा झाले होते. त्यांच्या आईनं गोळ्यालाच हार घातला आणि गोळ्याबरोबरच सप्तपदी केली. म्हणजे सात पावलं तिची एकटीची. गोळ्याला चार पाहुण्यांनी चादरीत घालून फिरवलं.

तुम्ही विचाराल, बकुळाबाईंना एवढं बोलायचं तरी काय होतं?

सांगतो. धीर धरा.

त्यांचं बीळ ओढ्याच्या काठाला होतं. बिळाची उजवी बाजू कोरडी आणि डावी बाजू ओली. बाराही महिने ओली. लग्न करून घरी आले त्या दिवशी गुंडोपंत आधी आत शिरले आणि कोरड्या बाजूला आडवे झाले. बकुळाबाई मागून आल्या, त्यांच्या वाट्याला ओली बाजू आली. नवीन नवरी काय बोलणार? मग ते तसंच राहिलं. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, सात वर्षं!

बकुळाबाईंच्या डाव्या कुशीच्या खवल्यांवर शेवाळ धरलं होतं. एके सकाळी त्या जाग्या झाल्या, तर त्या शेवाळावर एक एवढासा बेडूक येऊन बसला होता. चांगला पाय पसरून, आपलंच घर असल्यासारखा. तेव्हा मात्र बकुळाबाईंना रडूच आलं. आणि त्या बेडकाला हाकलवेना, म्हणून आणखी रडू आलं.

त्याच आठवड्यात टेकडीच्या उन्हाच्या बाजूचं एक बीळ रिकामं झालं. तिथलं म्हातारं साळिंदर जोडपं लेकाकडे दुसऱ्या जंगलात राहायला गेलं. बीळ कसलं, महालच तो! कोरडं ठणठणीत. सकाळचं ऊन थेट दारात. आणि पाठीमागे भरलेलं वारूळ, म्हणजे स्वयंपाकघरातून जीभ बाहेर काढली की जेवण तयार.

रिकामी बिळं वाटायचं काम त्या जंगलात घोरपडबाईंकडे होतं. बाई कामाला फार चोख. हसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. बकुळाबाईंनी गुपचूप अर्ज केला आणि काय सांगू, त्यांचा पहिला नंबर लागला!

"रविवारी ताबा घ्यायचा," घोरपडबाई म्हणाल्या. "सूर्य मावळताना नवरा आणि बायको, दोघांच्याही शेपट्या बिळाच्या आत पाहिजेत. एक जरी शेपटी बाहेर राहिली, तर बीळ पुढच्या नंबराला."

"यांची शेपटी सोमवारी आणली तर चालेल का हो?"

"नाही."

"पुढचा नंबर कुणाचा आहे?"

"उंदरांचा. घरात एकवीस माणसं आहेत. त्यांची आताच बांधाबांध झाली आहे."

बकुळाबाईंच्या हातात होते सहा दिवस. आणि काम होतं एवढंच, की नवऱ्याला सांगायचं.

सोमवारी त्या म्हणाल्या, "अहो, ऐका ना." गोळा.

मंगळवारी त्यांनी विचार केला, जेवताना सांगावं. भरल्या पोटी माणूस ऐकतो म्हणतात. गुंडोपंतांची जीभ वारुळात होती तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मी काय म्हणते..." गुंडोपंत जीभ आत घ्यायच्या आधीच गोळा झाले. हातभर जीभ बाहेर आणि नवरा आत! मुंग्यांनी त्या जिभेवरून ये-जा सुरू केली.

बुधवारी बकुळाबाईंनी पळसाच्या पानावर चिठ्ठी लिहिली. गुंडोपंतांनी ती हातात घेतली, 'प्रिय' एवढाच शब्द वाचला आणि गोळा झाले. 'प्रिय' म्हटलं की खाली काहीतरी असणार, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

तुमच्यातले हुशार आता म्हणतील, मग न सांगताच न्यायचं! वा रे हुशार! गुंडोपंतांना दाराबाहेर काढायचं म्हणजे खेळ वाटला का? "कुठं? कशाला? किती वेळ?" या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर पंजा ठेवत नसत. आणि बकुळाबाईंना खोटं बोलता येत नव्हतं. माहेरी कुणी शिकवलंच नव्हतं.

गुरुवारी बकुळाबाई हताश होऊन वडाखाली बसल्या होत्या. वर बघतात तर खोडावर नवी पाटी!

'थकलात? आंबलात? एकमेकांकडे बघून जांभई येते? जोडप्यांसाठी खास दोन दिवसांची सहल! डोंगरावर सायकल, मग स्पा! शरीर हलवा, मन हलकं करा!'

पाटीमागून एक खार टुणकन उडी मारून आली. तिचं नाव चिंगी. पूर्वी ती शेंगा गोळा करायची. आता लोकांच्या सुट्ट्या आखून द्यायची.

"वहिनी, बसा! बसलातच की! छान! मला एक सांगा, तुम्ही दोघं शेवटचं निवांत कधी होतात?"

"निवांत आम्ही रोजच असतो गं," बकुळाबाई म्हणाल्या. "आम्हाला दुसरं काही येत नाही."

"ते निवांतपण वेगळं! त्याला आखणी नसते! आमच्याकडे कसं, मिनिटामिनिटाचं निवांतपण असतं." आणि तिनं केळीचं एक लांबलचक पान उलगडलं. त्यावर सगळं वेळापत्रक होतं.

बकुळाबाई वाचू लागल्या. शनिवार. सात ते नऊ सायकलनं डोंगर चढणे. नऊ ते नऊ दहा, दम लागणे. नऊ दहा ते साडेनऊ, निसर्ग. साडेनऊ ते बारा, सायकलनं डोंगर उतरणे. असं करत करत त्या खाली आल्या आणि एका ओळीवर त्यांची नजर खिळली.

'पाच ते सव्वापाच : मनमोकळ्या गप्पा.'

"हे खरंच होतं का?" त्यांनी विचारलं.

"होतं म्हणजे? मी शिट्टी वाजवते!" चिंगी म्हणाली.

बकुळाबाईंना वाटलं, एवढी वेळापत्रकात लिहिलेली गोष्ट. ठरलेली. शिट्टीची. तिथं तरी हे ऐकतील. आणि मुख्य म्हणजे, चिंगीचा डोंगर म्हणजे तीच उन्हाच्या बाजूची टेकडी. स्पा अगदी माथ्यावर आणि ते बीळ त्याच उतारावर, निम्म्याच्या खाली.

चिंगीनं घरी येऊन गुंडोपंतांना पान दाखवलं.

"कुठं?" गुंडोपंतांनी विचारलं.

"डोंगरावर."

"कशाला?"

"ताजंतवानं व्हायला."

"किती वेळ?"

"शनिवारी सकाळी सातपासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत."

गुंडोपंतांनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाच ते सव्वापाचवर बकुळाबाईंचा पंजा होता. तो त्यांनी सहज ठेवला होता.

"यात काही बोलायबिलायचं नाही ना?" गुंडोपंतांनी विचारलं.

"काका, बोलायला वेळच कुठं ठेवलाय!" चिंगी म्हणाली. तिला तिच्या धंद्यातलं सगळं कळत होतं.

आणि गुंडोपंत हो म्हणाले. बकुळाबाईंना इतका आनंद झाला, की त्या रात्री ओल्या बाजूलाही त्यांना झोप लागली.

शनिवार उजाडला. चिंगीनं दोघांच्या डोक्यावर अर्धा अर्धा दुधी भोपळा उपडा घातला. पडलं तर डोकं फुटू नये म्हणून. तो हनुवटीखाली वेलीनं बांधला. सायकली आल्या.

खवले मांजराला सायकल चालवताना फक्त दोन अडचणी येतात. पुढची नखं चाकाच्या तारांत अडकतात आणि मागची शेपटी साखळीत. बाकी सोपं असतं. चढावर दोघांनी सायकली बहुतेक ढकलतच नेल्या. तरी माथ्यावरच्या सपाटीवर गुंडोपंतांना सायकल चांगली जमली. ते दगडांनाही घंटी वाजवू लागले.

"अगं, बघ! हात सोडून!" असं म्हणून त्यांनी एक नख उचललं.

मग पुढं पाटी आली. 'इथून उतार.'

गुंडोपंतांनी ती वाचली आणि सीटवरच त्यांचा गोळा झाला.

सायकलला काय कळतंय? ती निघाली. वर गोळा, गोळ्यावर भोपळा, आणि घंटी आपोआप वाजतेय! पहिल्या वळणाला सायकल वळली. गोळा वळला नाही. तो सरळ गेला तो करवंदाच्या जाळीत. तिथं खवले रुतले ते रुतलेच.

बकुळाबाई त्यांच्यामागून निघाल्या होत्या. उतार लागला तसे त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. मग वाटलं, डोळे मिटून पडण्यापेक्षा उघडे ठेवून पडावं. म्हणून एक उघडला. मग दुसरा उघडला. वारा अंगाखाली शिरला, खवल्याखवल्यातून शिरला, आणि सात वर्षांचं ते ओलसर शेवाळ फडफडायला लागलं.

"हाऽऽऽऽ!" असा आवाज आला. कोण ओरडलं म्हणून त्यांनी मागं वळून बघितलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आपणच!

त्या तीन वेळा वर गेल्या आणि तीन वेळा खाली आल्या. चौथ्यांदा जाताना त्यांनी करवंदाच्या जाळीपाशी थांबून विचारलं, "अहो, बरे आहात ना?" जाळीतून उत्तर आलं नाही. म्हणजे बरे होते. बकुळाबाई पुन्हा वर गेल्या. त्यांना इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

पाच वाजले. शिट्टी झाली.

"मनमोकळ्या गप्पाऽऽ!" चिंगी ओरडली.

दोघं एका मोठ्या दगडावर बसले होते. गुंडोपंत तोवर उलगडले होते आणि अंगातले काटे काढत होते. खाली ती उतरण सोनेरी दिसत होती. तिथं ते बीळ, त्याचं गोल दार, मागचं वारूळ, सगळं स्पष्ट दिसत होतं. "ऐका ना" म्हणायचं नाही, "बोलायचंय" म्हणायचं नाही, हे बकुळाबाईंनी दिवसभर घोकलं होतं.

"ते बीळ दिसतं का हो तुम्हाला?"

"दिसतं की."

"कसं आहे?"

"चांगलं आहे," गुंडोपंत म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मोकळा होता. "ऊन छान येत असेल."

आता फक्त एकच वाक्य!

"आपण..." त्या म्हणाल्या.

गोळा.

'आपण'! एवढाच शब्द. पण त्याच्यामागून केवढं काय काय येतं, हे लग्न झालेल्या कुठल्याही प्राण्याला विचारा.

"झालं का बोलून?" चिंगीनं डोकावलं. "अय्या, पाच वाजून एकच मिनिट झालंय! अजून चौदा मिनिटं आहेत, वहिनी. आधी उठता येणार नाही."

मग बकुळाबाई चौदा मिनिटं गोळ्याशेजारी बसल्या. आणि त्यांनी सगळं सांगितलं. ओल्या बाजूचं सांगितलं, शेवाळाचं सांगितलं. बेडकाचं सांगताना त्या पुन्हा रडल्या. "एकदा तरी कोरड्यात झोपावं असं वाटतं हो मला," असंही म्हणाल्या. गोळ्याचे कान आत होते. त्यातलं एक अक्षर त्याला ऐकू गेलं नाही. शिट्टी झाली आणि गप्पा संपल्या.

रविवारी सकाळी सहा ते सहा दहा सूर्योदय झाला. सहा दहा ते सव्वासहा त्याबद्दल वा वा झाली. मग स्पा.

स्पा चालवत होत्या एक सांबरीणबाई. त्या फक्त कुजबुजायच्या. तिथं मोठ्यानं बोलायची मनाई होती. त्यामुळे त्या काय म्हणाल्या ते आजवर कुणाला कळलेलं नव्हतं, आणि सगळ्यांना फार शांत वाटायचं.

"...सैल सोडा..." असं काहीसं त्या गुंडोपंतांच्या कानात कुजबुजल्या. गुंडोपंतांनी अंग जरा सैल सोडलं. मग पडदा बाजूला झाला आणि मालीश करणारा आत आला. तो अस्वल होता.

आता तुम्हीच सांगा. खवले मांजराच्या खोलीत तेलानं चकचकणारे हात चोळत अस्वल आलं, तर खवले मांजरानं काय करायचं?

बरोबर.

त्या अस्वलाचं नाव दगडूदादा. "घाबरू नका वहिनी," तो बकुळाबाईंना म्हणाला. "आजवर या हातांखाली सैल पडला नाही असा प्राणी जन्माला आलेला नाही. गेंडा आला होता. जाताना त्याची घडी करून पिशवीत घालून नेली."

तो कामाला लागला. आधी त्यानं गोळ्याला वाफ दिली. गोळा गरम झाला. मग तापवलेले दगड ठेवले. गोळ्यावर दगड राहतात का? ते घरंगळून दगडूदादाच्या पायावर पडले. तो ओरडला, आणि सांबरीणबाई "...हळू..." असं कुजबुजल्या. मग त्यानं गोळ्याला मातीचा लेप दिला. माती वाळली, आणि गोळा आणखी पक्का झाला. ती फोडून काढण्यात दुपार गेली.

मग तेल! आधी तिळाचं. मग खोबरेल. मग करंजाचं. दगडूदादानं गोळा मांडीत धरून असा रगडला, असा रगडला, की एकेक खवला चपटा बसला. उभा राहू म्हटलं तरी राहीना. गोळा आरशासारखा चमकू लागला. पण उलगडला नाही.

चार वाजले तेव्हा दगडूदादा कोपऱ्यात बसून हमसून हमसून रडत होता. "माझे हात संपले," म्हणत होता. सांबरीणबाईंनी त्याला पालथं झोपवलं आणि त्याच्याच खांद्यांना मालीश सुरू केलं.

बकुळाबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांच्या अंगाला थेंबभर तेल लागलं नव्हतं. त्या सूर्याकडे बघत होत्या. तो खाली येत होता, आणि त्याला थांबवायची सोय चिंगीच्याही वेळापत्रकात नव्हती. खाली बिळाच्या दाराशी घोरपडबाई वही घेऊन येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यामागं एकवीस उंदीर, डोक्यावर बोचकी घेऊन, ओळीनं. एका उंदरानं तर घराच्या नावाची पाटीही आणली होती.

"वहिनी, घेऊन जा यांना," दगडूदादा हुंदके देत म्हणाला. तो उठला आणि त्यानं गोळा उचलला. पण तेलकट हात आणि तेलकट गोळा! गोळा सुळ्ळकन निसटला, दारातून बाहेर गेला आणि अंगण ओलांडून बकुळाबाईंच्या सायकलच्या पुढच्या चाकाला जाऊन टेकला.

बकुळाबाई धावत बाहेर आल्या. त्यांनी गोळ्याला एक नख लावलं. गोळा फूटभर गेला.

त्यांनी पुन्हा नख लावलं. पुन्हा फूटभर.

हत्तीला हलत नव्हता तो हा गोळा! बकुळाबाईंनी गोळ्याकडे बघितलं. उताराकडे बघितलं. सूर्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत असं काही चमकलं, की झाडावरची चिंगी दोन फांद्या वर सरकली.

आता, नवऱ्याला लाथ मारायची पद्धत बकुळाबाईंच्या माहेरी नव्हती. "लाथ कुठं मारतेय मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "नुसतं चाक लावतेय." आणि त्यांनी भोपळा डोक्यावर चढवला, वेल घट्ट आवळली आणि सायकलवर बसल्या.

तरी शेवटचं विचारायचं म्हणून विचारलं. "अहो, चालत येता का?"

गोळा गप्प.

"बरं," बकुळाबाई म्हणाल्या, आणि पायडल मारलं.

बालमित्रांनो, काय तो गोळा सुटला! पुढं गोळा, मागं बकुळाबाई! गोळा डावीकडे जायला लागला, की त्या डावीकडून चाक लावायच्या. उजवीकडे गेला, की उजवीकडून. दगड आला, वळवला. खड्डा आला, उडवला. करवंदाची जाळी आली, तर आधीच असं चाक मारलं, की गोळा तिला प्रदक्षिणा घालून निघाला. कालच्या फेऱ्यांत त्यांना हा डोंगर तळपायासारखा पाठ झाला होता.

गोळ्यातून आवाज येत होता. "अ-गं! का-य! चा-ल-लं-य!"

"फिरायला आलोय!" बकुळाबाई ओरडल्या.

चिंगी फांद्याफांद्यांवरून केळीचं पान नाचवत येत होती. "वहिनी! आता साडेपाच ते पावणेसहा कृतज्ञता आहे! ती राहिली!"

"तूच उरकून घे!"

सूर्य टेकला. खाली घोरपडबाईंनी वही उघडली, लेखणी जिभेला लावली, आणि उंदरांकडे मान वळवली. पहिल्या उंदरानं बोचकं सावरून एक पाऊल पुढं टाकलं.

"बाजूलाऽऽऽ!"

एकवीस उंदीर एकवीस दिशांना पळाले. बकुळाबाईंनी शेवटचं चाक असं नेमकं लावलं, की गोळा उंदरांच्या मधून, घोरपडबाईंच्या दोन पायांतून, थेट दारातून आत! त्यांनी सायकल तिथंच सोडली आणि मागोमाग स्वतःला आत झोकून दिलं. शेपटीचं टोकसुद्धा ओढून घेतलं.

सूर्य मावळला.

घोरपडबाईंनी आत डोकं घातलं. "बायकोची शेपटी आत आहे. नवऱ्याची?"

"गोळ्यात आहे," बकुळाबाई धापा टाकत म्हणाल्या.

"गोळ्यातली शेपटी धरत नाहीत!" बाहेरून उंदीर ओरडले. "हा अन्याय आहे!"

घोरपडबाईंनी नियमांची वही काढली. सावकाश पानं उलटली. "नियमात एवढंच आहे," घोरपडबाई शेवटी म्हणाल्या, "की शेपटी बिळात पाहिजे. ती कशाभोवती गुंडाळलेली असावी, याबद्दल काही लिहिलेलं नाही." आणि त्यांनी शिक्का मारला.

बऱ्याच वेळानं गुंडोपंत उलगडले. आधी नाक बाहेर आलं. त्यांनी हुंगून बघितलं. मग डोळे. मग ते सगळेच लांब झाले. तेल लागल्यामुळे जरा जास्तच लांब झाले.

"अरे वा," ते म्हणाले. "कोरडं आहे गं."

"हो."

"मुंग्यांचा वास येतोय."

"मागं वारूळ आहे."

गुंडोपंतांनी इकडून तिकडं एक चक्कर मारली. भिंतीला पाठ घासून बघितली. बकुळाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. आता हे काय म्हणतात, म्हणून त्यांच्या पोटात गोळा आला होता.

"तरी मी तुला कधीचं सांगत होतो," गुंडोपंत म्हणाले, "आपण जागा बदलायला हवी. पण तू ऐकशील तर शपथ!"

बकुळाबाईंनी तोंड उघडलं. सात वर्षांचं सगळं जिभेवर आलं. आणि खवले मांजराची जीभ केवढी लांब असते, हे तुम्हाला माहीत आहे. पण अंगाखालची जमीन इतकी कोरडी होती, इतकी उबदार होती, की त्या नुसतंच "हो, चुकलंच माझं," असं म्हणाल्या आणि गाढ झोपून गेल्या.

पुढं त्यांचं घर बघायला सगळं जंगल आलं. गुंडोपंत सगळ्यांना हिंडवून दाखवत. "जागा अशी बसून मिळत नाही," असं सांगत. "मी स्वतः पुढं आलो म्हणून मिळाली. ही आपली मागून सायकलवर आली." बकुळाबाई आलेल्यांना मुंग्या वाढत. बायका त्यांना कोपऱ्यात घेऊन हळूच विचारत, तेल कुठलं म्हणालात?

चिंगीचा धंदा जोरात सुरू झाला. तिच्या झाडाखाली आता पहाटेपासून रांग असते. रांगेत सगळ्यात पुढं कासवांच्या बायका. तिनं वेळापत्रकातली मनमोकळ्या गप्पांची पंधरा मिनिटं काढून टाकली आहेत. त्या जागी जादा तेल घातलं आहे.

तात्पर्य : नवरा-बायकोत मोकळा संवाद हवाच; पण तेल चांगलं आणि उतार जवळ असेल, तर त्यावाचून काही अडत नाही.